केस आले म्हणजे रोग गेला नव्हे



भादव्याच्या सुरुवातीला चोपडा तालुक्यातल्या एका ताईंचे पत्र आले. पत्र जनावराविषयी होते, पण काळजी सगळ्या घराची होती. ताईंच्या शेतात केळी आणि कपाशी. राखणीला मोत्या नावाचा पाच वर्षांचा गावठी कुत्रा. रात्री रानडुकरांची चाहूल लागली की आधी तो भुंकतो, मग माणसे उठतात. श्रावणात त्याच्या कानामागे जुन्या रुपयाएवढा गोल चट्टा पडला. तिथले केस गेले, कोंडा धरला. पंधरा-वीस दिवसांत तसेच चट्टे तोंडावर, पुढच्या पायांवर आणि पाठीवर दिसू लागले. कोणी सांगितले म्हणून ट्रॅक्टरचे जळके ऑइल चोळले. कोणी सांगितले म्हणून केळीवर फवारायचे बुरशीनाशक पाण्यात कालवून लावले. मोत्याने ते चाटले आणि दोन दिवस ओकत पडला. तेवढ्यात ताईंच्या धाकट्या मुलाच्या दंडावर गोल चट्टा उठला.

त्यातच नणंदबाई सातव्या महिन्यात, बाळंतपणाला माहेरी येणार. सासरे म्हणाले, कुत्र्याला सातपुड्याच्या पायथ्याशी नेऊन सोडा. सासूबाईंचा जीव मोत्यावर. त्या म्हणाल्या, "मुकं जनावर शे ते, काय सांगी बिचारं?" ताईंनी पत्राच्या शेवटी एवढेच विचारले होते: कुत्रा ठेवू की सोडू?

मी उलट टपाली कळवले, ठेवा. मात्र ठेवायचा तर तीन महिन्यांची तयारी ठेवा. अर्धा उपचार करून थांबणार असाल तर पैसाही जाईल आणि रोगही राहील. हे असे का, ते आज सगळ्यांसाठी सविस्तर लिहितो. पावसाळ्यानंतर अशी दुखणी जळगाव-धुळ्याकडच्या बऱ्याच वस्त्यांवर दिसतात, आणि बहुतेक ठिकाणी चूक एकाच जागी होते.

पहिली गोष्ट, रोग कोणता ते नक्की करा. कुत्र्याचे केस गेले की आपण सरसकट 'खरूज' म्हणतो. खरूज होते ती कातडीतल्या बारीक किड्यांमुळे. गोल चट्टा, तुटके केस आणि कोंडा हे बहुधा गजकर्णाचे, म्हणजे बुरशीचे लक्षण. खरजेत कुत्रा खाजवून हैराण होतो. गजकर्णात खाज कमी असू शकते. पण नुसत्या नजरेने डॉक्टरसुद्धा खात्री देत नाहीत. चट्ट्याच्या कडेचे केस उपटून आणि कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. काही ठिकाणी खास दिव्याखाली तपासतात. एका जातीची बुरशी त्यात हिरवट चमकते. पण चमकली नाही म्हणजे बुरशी नाही, असे मात्र नाही. सर्वांत खात्रीची तपासणी म्हणजे केसावरची बुरशी प्रयोगशाळेत वाढवून पाहणे. तिला दोन-तीन आठवडे लागतात. खरजेचे औषध गजकर्णाला देणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी दाखवा. तिथे सोय नसेल तर जळगाव किंवा धुळ्याच्या जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात चौकशी करा. १९६२ या टोल फ्री क्रमांकावर पशुसंवर्धन खात्याच्या फिरत्या पथकाची माहिती मिळते.

ही बुरशी येते कुठून? मायक्रोस्पोरम कॅनिस नावाची एक जात मांजरांकडून आणि कुत्र्यांकडून येते. मायक्रोस्पोरम जिप्सियम मातीत राहते; उकरणाऱ्या कुत्र्याच्या नाकाला आणि पंजांना ती आधी लागते. ट्रायकोफायटॉन जातीची बुरशी उंदरांकडून येते, आणि तिचीच एक बहीण वासरांच्या डोळ्यांभोवती राखाडी खपल्या आणते. खळ्यात उंदीर, गोठ्यात वासरे, ओसरीत मांजर, हे आपल्याकडे घरोघरी असतेच. तरी धडधाकट कुत्र्याला ती सहसा फार पसरत नाही. पिल्लू, म्हातारे, जंतांनी पोखरलेले किंवा उपाशी जनावर असले म्हणजे ती अंगभर होते. म्हणून अंगभर गजकर्ण झालेल्या कुत्र्याच्या पोटाकडे आणि गोचिडांकडेही डॉक्टरांचे लक्ष वेधा.

आता मुख्य मुद्दा. केळीवर करपा आला की आपण काय करतो? करपलेले पान औषधाने पुन्हा हिरवे होत नाही. ते कापून बागेबाहेर नेतो, आणि फवारणी करतो ती नव्या पानाला लागण होऊ नये म्हणून. कुत्र्याच्या केसांचेही तसेच आहे. ही बुरशी केसाच्या आणि कातडीच्या मेलेल्या थरात राहते. पोटातून दिलेले औषध रक्तातून केसाच्या मुळाशी जाते आणि नव्याने उगवणाऱ्या केसात भरते. तो नवा केस सुरक्षित होतो. पण आधीचा केस गळून किंवा कापून जाईपर्यंत त्यात बुरशी जिवंत असते. चौथ्या-पाचव्या आठवड्यात चट्ट्यावर लव दिसते, घरातली माणसे खूश होतात आणि गोळ्या बंद करतात. नेमकी हीच ती चूक. केस आले याचा अर्थ औषध लागू पडले एवढाच. रोग गेला की नाही ते तपासणी सांगेल. बुरशी वाढवून पाहण्याच्या तपासणीत काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा काही निघाले नाही, म्हणजे थांबायचे, तेही डॉक्टरांनी सांगितल्यावर. याला दोन ते तीन महिने सहज लागतात. दुखणे हत्तीच्या पावलाने येते आणि मुंगीच्या पावलाने जाते, ही म्हण या रोगाला अक्षरशः लागू आहे.

तुम्ही म्हणाल, बुरशीनाशक तर आपल्या शेडमध्ये पडलेले आहे, मग तेच का नको? यासाठी आपल्या महाराष्ट्रातलीच एक गोष्ट सांगतो. पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला. तिथल्या शास्त्रज्ञांनी पिंपरीच्याच मातीतल्या सूक्ष्म जीवापासून १९६१ साली 'हॅमायसिन' हे बुरशीवरचे औषध शोधले. ते माणसांसाठी. त्याच कारखान्यातून 'ऑरिओफंजिन' हे पिकांच्या बुरशीवरचे औषधही निघाले. जुन्या शेतकऱ्यांना हे नाव आठवत असेल. कारखाना एक, शत्रू बुरशीच, तरी पिकाचे औषध निराळे आणि शरीराचे निराळे, कारण पानाला सोसते ते यकृताला सोसेलच असे नाही. कुत्रा तर अंगाला लावलेले सगळे चाटून पोटात घेतो. म्हणून फवारणीची औषधे, जळके ऑइल, रॉकेल आणि फिनेल यांतले काहीही त्याच्या अंगाला लावू नका. बुरशी त्याने हटत नाही, पण कुत्रा मात्र मरू शकतो.

गजकर्णावर पोटातून देण्याचे पहिले खात्रीचे औषध ग्रिसिओफल्विन. १९३९ साली इंग्लंडमध्ये ते एका पेनिसिलियम बुरशीतूनच मिळाले, म्हणजे काट्याने काटा काढल्यासारखे. १९५८ साली ग्लासगोच्या जेम्स जेंटल्स यांनी गिनीपिगांना ते खाऊ घालून गजकर्ण बरे करून दाखवले. आज डॉक्टर बहुधा इट्राकोनॅझोल किंवा टर्बिनाफिन देतात. कोणते, किती आणि किती दिवस हे डॉक्टरांनी ठरवायचे, कारण मात्रा वजनावर असते. ते वजन अंदाजाने सांगू नका. धान्याच्या काट्यावर कुत्र्याला उचलून घेऊन उभे राहा, मग एकटे उभे राहा; फरक ते कुत्र्याचे वजन. दर पंधरा दिवसांनी करा आणि कॅलेंडरवर लिहा.

गोळी द्यायची कशी, हे बहुतेक घरांतले रोजचे रडगाणे असते. इट्राकोनॅझोलची कॅप्सूल आणि ग्रिसिओफल्विन ही औषधे भरल्या पोटी, थोड्या स्निग्ध पदार्थासोबत चांगली लागू पडतात. तेव्हा कळण्याच्या भाकरीचा मऊ तुकडा घ्या, त्याला तूप लावा. तीन घास करा. पहिला नुसता, दुसऱ्यात गोळी, आणि तिसरा लगेच समोर धरा, म्हणजे तिसऱ्याच्या आशेने तो दुसरा न चावता गिळतो. भरताचे किंवा शेवभाजीचे उरलेले मात्र घालू नका. कांदा-लसूण कुत्र्याला विषारी आहे आणि तिखटाने आजारी पोट आणखी बिघडते. गोळी एकानेच द्यावी. "तुम्ही दिली असेल असे वाटले" या एका वाक्यामुळे शेतकरी घरात किती औषधे चुकतात ते तुम्हीही जाणता. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज फुली मारा.

ही औषधे यकृतावर ताण आणतात. पहिल्या आठवड्यांत भूक थोडी मंदावली तर डॉक्टरांना कळवा. वारंवार ओकारी, दोन वेळचे अन्न टाकणे, हिरड्या किंवा डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर दिसणे यांपैकी काही दिसले तर पुढची गोळी देऊ नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मध्ये एकदा रक्त तपासायला सांगितले तर टाळू नका. गाभण कुत्रीला यातली काही औषधे चालत नाहीत; पिल्ले अपंग निपजतात. ती गाभण असल्याची शंका जरी असली तरी आधी सांगा.

नुसत्या गोळीने भागत नाही. चट्ट्याभोवतीचे लांब केस बोथट कात्रीने कापा आणि जाळून टाका. हीच ती करपलेली पाने. डॉक्टर देतील त्या औषधी साबणाने बहुधा आठवड्यातून दोनदा अंघोळ घालावी लागते. फेस अंगावर दहा मिनिटे राहायला हवा. घड्याळ लावून मोजा, कारण ओल्या, थरथरत्या कुत्र्यापुढे दोन मिनिटेही दहा वाटतात. काही डॉक्टर चुना-गंधकाचे पाणी सांगतात. त्याला कुजक्या अंड्याचा वास येतो, पण ते गुणकारी आहे. तेही जनावरांसाठीचे आणि सांगितले तेवढे पातळ करूनच वापरा. आपल्याकडची हिवाळ्याची थंडी झोंबरी असते, तेव्हा अंघोळ दुपारी घाला आणि उन्हात कोरडे करा. चट्ट्याचा मोबाइलवर दर रविवारी एकाच उजेडात फोटो काढा. रोजच्या पाहण्यात जो फरक कळत नाही तो सहा फोटोंत कळतो.

आता घर. गळलेल्या केसांतली ही बुरशी दीड वर्षापर्यंत जिवंत राहू शकते. म्हणून कुत्र्याची जागा एकच ठेवा: कोरडी, उजेडाची, झाडायला सोपी. खाली गोणपाट टाका आणि आठवड्याला ते उकळा किंवा जाळून नवे घ्या. गळ्यातला जुना कापडी पट्टा आणि दोरी टाकून द्या. फरशी आधी साबणाने स्वच्छ धुवा, मग ब्लीचिंगच्या पाण्याने पुसा आणि दहा मिनिटे ओली राहू द्या. त्या पाण्यात दुसरे कोणतेही औषध मिसळू नका. सारवलेल्या जमिनीवर ब्लीचिंग चालत नाही, शेण-मातीत त्याची शक्ती मरते. तिथे वरचा थर खरवडून काढा आणि कुत्र्याला तिकडे येऊ देऊ नका. कापसाच्या ढिगावर त्याला बिलकुल लोळू देऊ नका. घरात मांजर किंवा दुसरा कुत्रा असेल तर तोही दाखवा. अंगावर चट्टा नसलेले मांजर सगळ्यांना गजकर्ण वाटत फिरते, असे पुष्कळदा घडते.

माणसांना लागण झाली तर घाबरू नका. हा रोग कातडी, केस आणि नखांचा आहे. पोटातल्या बाळाला तो पोचत नाही. पण गर्भवतीने कुत्र्याला अंघोळ घालू नये आणि त्याच्या गोळ्याही हाताळू नयेत. मुलाच्या दंडावर चट्टा दिसला तर माणसांच्या डॉक्टरांना दाखवा आणि "घरात कुत्र्याला आहे" हे आवर्जून सांगा. दुकानातून खाज थांबवणारी ट्यूब आणू नका. अशा कितीतरी मलमांत स्टिरॉइड असते. खाज दोन दिवसांत थांबते आणि खाली बुरशी पसरत राहते. गेल्या काही वर्षांत देशभर माणसांचे गजकर्ण हट्टी होत चालले आहे, त्यामागे ही मलमे हे एक मोठे कारण मानले जाते.

आता सोडून देण्याविषयी. सातपुड्याच्या पायथ्याशी सोडलेला आजारी कुत्रा उपाशी मरतो, किंवा पहिल्या वस्तीवर जाऊन तिथल्या पोरांना आणि वासरांना रोग देतो. साक्री तालुक्यात आपले ठेलारी बांधव मेंढरांमागे कुत्री घेऊन फिरतात. अशा एका कळपात तो शिरला तर त्याच्याबरोबर रोगही गावोगाव फिरेल. शिवाय पाळलेल्या जनावराला उपासमारीच्या तोंडी टाकून देणे हा १९६० च्या प्राण्यांच्या छळ प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा राहू द्या. पाच वर्षे ज्याच्या भुंकण्यावर आपण निर्धास्त झोपलो, त्याच्या तीन महिन्यांच्या दुखण्याला आपण पाठ दाखवायची का, हा प्रश्न घरानेच स्वतःला विचारावा.

आणखी एक सांगायचे राहिले. या काळात कुत्र्याच्या मनाचेही पाहा. ज्याला मुले दिवसभर बिलगत होती, त्याला एकदम सगळे लांबून हाकलतात. तो कोपऱ्यात तोंड घालून बसतो, जेवत नाही, आणि आपण समजतो औषध बाधले. मुलांना त्याच्याजवळ जाऊ देऊ नका, पण लांबून हाक मारायला सांगा. जो गोळी देतो त्याने हात झाकून दहा मिनिटे जवळ बसावे, मग हात साबणाने धुवावेत. शक्य असेल तर त्याचे राखणीचे काम चालू ठेवा. काम असलेला कुत्रा दुखणे लवकर झटकतो असे मी पाहिले आहे.

आणि पाहिले आहे तसे चुकलोही आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याच दारच्या काळ्याला अंगभर गजकर्ण झाले होते. पाचव्या आठवड्यात केस आले, दिवाळी तोंडावर होती, घरात धावपळ होती. मी गोळ्या थांबवल्या. डॉक्टरांनी बजावले होते, तरी मलाच शहाणपण सुचले. पौषात चट्टे पुन्हा उठले, या वेळी दोन वासरांना आणि पुतणीलाही. दुसऱ्यांदा उपचार तीन महिने चालला. वाचवले काय, तर पंधरा-वीस दिवसांच्या गोळ्या. म्हणून हा लेख.

धीर धरायला एक तुलना देतो. अमेरिकेत ॲरिझोनाच्या कोरड्या मुलखात मातीतली एक बुरशी श्वासावाटे कुत्र्यांच्या फुप्फुसांत शिरते. तिथले लोक कुत्र्याला सहा महिने, वर्ष, कधी जन्मभर बुरशीच्या गोळ्या देतात. त्यापुढे आपले तीन महिने म्हणजे एका हंगामाइतकेही नाहीत.

ताईंचे दुसरे पत्र गेल्या आठवड्यात आले. मोत्याला त्यांनी शेतात मोटारीच्या खोलीशेजारी पत्र्याखाली ठेवले. गोळी रोज सासऱ्यांनी दिली. सोडून द्या म्हणणारे तेच. मुलाचा दंड डॉक्टरांच्या औषधाने बरा झाला. दसऱ्यानंतर केस आले तेव्हा गोळ्या बंद करण्यावरून घरात बोलणे निघाले. त्या दिवशी सासऱ्यांनी केळीचे करपलेले पान कापून आणले आणि ओट्यावर ठेवले. पुढे कोणी बोलले नाही. आता दोन्ही तपासण्या स्वच्छ निघाल्या, गोळ्या बंद झाल्या. नणंदबाईंना मुलगी झाली. बाळाला सव्वा महिना होईपर्यंत मोत्याने शेतातच राहावे, असे सगळ्यांनी मिळून ठरवले आहे, आणि ते योग्यच आहे.

तुमच्या दारच्या कुत्र्याला असा चट्टा दिसला तर आजच दाखवा. आणि औषध सुरू असेल तर केस पाहून नव्हे, तपासणीचा कागद पाहून थांबा.

पुढल्या आठवड्यात थंडीतल्या करडांची निगा.